हंगामी हात : खान्देशातील यंत्र, मजुरी आणि कायदा

यंत्र आले की माणसाच्या हातचे काम जाते, ही भीती जितकी जुनी आहे तितकाच जुना हा दिलासाही आहे की यंत्रामुळे उत्पादन वाढते, वस्तू स्वस्त होतात, मागणी वाढते आणि अखेरीस गेलेल्या कामापेक्षा अधिक काम उभे राहते. अर्थशास्त्राच्या इतिहासात या दोन्ही बाजूंना मातब्बर समर्थक लाभले. डेव्हिड रिकार्डो यांनी तर आपल्या ग्रंथाच्या १८२१ मधील तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांवर नवे प्रकरण घालून, यंत्राने मजूरवर्गाचे नुकसान होऊ शकते, अशी आपलीच आधीची भूमिका बदलणारी कबुली दिली. मात्र हा वाद बहुधा वर्षभर चालणाऱ्या कारखान्यातील कायम कामगार डोळ्यांसमोर ठेवून घातला जातो. जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत, म्हणजे जुन्या खान्देशाच्या मोठ्या भागात, यंत्र आले ते कापसाच्या मागोमाग, आणि कापूस हंगामी असल्यामुळे त्या यंत्रावरचे कामही हंगामीच राहिले. येथील गेल्या दीडशे वर्षांच्या अनुभवातून असे दिसते, की यंत्राने श्रमाची उत्पादकता, म्हणजे एका माणसाच्या एका तासाच्या कामातून निघणारे उत्पादन, अनेक पटींनी वाढवली. परंतु त्या वाढीतला वाटा मजुरीच्या रूपाने हातात पडला की नाही, हे काम वर्षातले किती महिने टिकते आणि त्या कामाला कायदा काम मानतो की नाही, यावर ठरत गेले.

रेच्यापासून जिनपर्यंत

शेतातून वेचून आणलेल्या कापसात वजनाच्या हिशेबाने सुमारे एकतृतीयांश रुई आणि दोनतृतीयांश सरकी असते. ती वेगळी करण्याचे काम पूर्वी घरोघरी हातरेच्यावर होत असे. दोन लाटांमधून कापूस ओढायचा, सरकी मागे राहायची आणि रुई पुढे निघायची, असे हे काम मुख्यतः स्त्रिया शेतीच्या कामातून उरलेल्या वेळात करत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खान्देशातून भुसावळच्या पुढे सरकली, तेव्हा जळगाव ही एक मोठी कापूसपेठ बनली आणि रेल्वेच्या आसऱ्याने सरकी काढणारे, वाफेवर चालणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस उभे राहू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, तरी यंत्रे राहिली. १८७० च्या दशकात मूळजी जेठा यांच्या पुढाकाराने जळगावात कापडगिरणीही सुरू झाली.

या जिनांत काम कसे चालत होते, याची नोंद मुंबई सरकारने १८८४ मध्ये नेमलेल्या फॅक्टरी आयोगापुढील साक्षींत सापडते. जिनिंग कारखान्यांत काम करणाऱ्यांत मोठे बहुमत स्त्रियांचे होते. त्या पहाटे चार-पाच वाजता कामावर येत आणि रात्री आठ-नऊपर्यंत थांबत. मार्च-एप्रिलच्या घाईत, पावसाआधी माल बंदरावर पोचवण्यासाठी जिन रात्रंदिवस चालवले जात आणि त्यांवर दिवसामागून दिवस तीच माणसे असत. कापडगिरणीपेक्षाही भयंकर अशी ही परिस्थिती आयोगाच्या अहवालामुळे सरकारदरबारी पोचली; पण कायद्यापर्यंत ती पोचायला आणखी पाव शतक गेले.

त्याचे कारण कायद्याच्या व्याख्येत होते. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने शंभर किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या, यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या जागेलाच कारखाना मानले आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक न चालणाऱ्या जागा वगळल्या. खान्देशातील जिनमालकाला कामाचे तास कमी करण्याची गरज नव्हती. कामगारांची संख्या शंभराच्या आत किंवा हंगाम चार महिन्यांच्या आत दाखवला की पुरे होते. १८९१ च्या दुरुस्तीने ही संख्या पन्नासवर आणली, स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आणि मध्ये विश्रांती ठरवली. परंतु अल्पकालीन हंगामाची पळवाट १९११ चा कायदा येईपर्यंत पूर्ण बुजली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या बाजूने १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी हजारो सह्यांचे निवेदन आयोगापुढे ठेवले आणि १८९० मध्ये आठवड्याची सुटी मिळवली. चार महिन्यांसाठी जमणाऱ्या आणि पाऊस पडताच आपापल्या शिवारात पांगणाऱ्या खान्देशी जिनमधील बायांना मात्र संघटना बांधायला सलग वेळच मिळत नव्हता.

या प्रकरणाशी साम्य असलेला एक अनुभव सातासमुद्रापलीकडचा आहे. एली व्हिटनी याने १७९४ मध्ये पेटंट घेतलेल्या जिनने अमेरिकेत रुई वेगळी करण्याचे श्रम कमालीचे घटवले, परंतु त्यामुळेच कापसाची लागवड फायद्याची ठरून ती पसरली. १७९० मध्ये सुमारे सात लाख असलेली गुलामांची संख्या १८६० पर्यंत चाळीस लाखांच्या घरात गेली. प्रक्रियेतली एक पायरी वेगवान झाली की तिच्या आधीच्या आणि नंतरच्या, अजून हातानेच होणाऱ्या पायऱ्यांवरचा भार वाढतो. तो भार वाहणाऱ्याला त्याचा मोबदला मिळेल की फटका, हे यंत्र ठरवत नाही. खान्देशात गुलामगिरी नव्हती. पण एकीकडे वाढलेला वेग आणि दुसरीकडे ताणलेले शरीर, हे गणित तेच होते.

गिरणी, कंपनी आणि भांडवलाचा वाटा

कापडगिरण्यांनी या हंगामीपणाला काही काळ छेद दिला. अमळनेरला प्रताप शेठ यांच्या नावाने ओळखली जाणारी प्रताप मिल विसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली, पुढे धुळ्यात न्यू प्रताप आणि चाळीसगावात लक्ष्मीनारायण मिल आली. बारमाही कामामुळे या गावांत गिरणीच्या भोंग्यावर चालणारी कामगारवस्ती, युनियन आणि मागण्यांची भाषा तयार झाली. १९३८ च्या सुमारास साने गुरुजींनी या गिरणी कामगारांच्या मागण्या उचलून धरल्या, त्या याच पायावर. मात्र तंत्र जुने होत गेले, मुंबई इलाख्यात आणि बाहेर यंत्रमाग पसरले आणि धुळे-चाळीसगावच्या गिरण्या १९७४ च्या राष्ट्रीयीकरण कायद्याने सरकारी कापड महामंडळाकडे गेल्या. कालांतराने त्यांची धुराडी थंडावली. धुळ्यात विणकाम उरले ते यंत्रमागावर, जिथे एक कामगार बारा तासांच्या पाळीत एकाच वेळी अनेक माग सांभाळतो आणि मजुरी निघालेल्या कापडावर मिळते. वीज गेली की माग थांबतो आणि त्याबरोबर मजुरीही.

याच अमळनेरात २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तूप आणि साबण बनवणारी कंपनी स्थापन केली. १९६६ मध्ये त्यांच्या निधनानंतर एकवीस वर्षांच्या अझीम प्रेमजींकडे सूत्रे आली आणि १९८० च्या दशकात ही कंपनी विप्रो या नावाने संगणकाच्या व्यवसायात गेली. शेंगदाण्याच्या तेलातून सॉफ्टवेअरपर्यंतच्या या प्रवासात एका माणसामागचे उत्पादनमूल्य किती पटींनी वाढले असेल, याची कल्पना करता येते. पण नवे काम उभे राहिले ते बेंगळुरू, हैदराबाद, पुण्यात, अमळनेरात नव्हे. अमळनेरला लाभ मिळाला तो वेगळ्या वाटेने. ज्या स्थानिक कुटुंबांनी सुरुवातीच्या काळात कंपनीचे थोडे शेअर घेऊन सांभाळून ठेवले, त्यांची संपत्ती कोटींच्या घरात गेली. तंत्रज्ञानातून वाढणारे मूल्य मजुरी आणि नफा अशा दोन वाटांनी विभागले जाते आणि त्यातली नफ्याची वाट भांडवलावर हक्क असलेल्यालाच मोकळी असते, हे अर्थशास्त्राचे तत्त्व एकाच गावातील कारखान्याचा कामगार आणि शेअरधारक यांच्या तुलनेत स्वच्छ दिसते. कामगाराच्या मजुरीला पाळीची, हंगामाची आणि वयाची मर्यादा असते. शेअरला ती नसते.

नव्या जिनमध्ये कोण उरले

महाराष्ट्रात १९७२ पासून तीन दशके कापूस एकाधिकार खरेदी योजना चालली आणि त्या काळात सरकारी खरेदीचा कापूस ठरलेल्या दराने रेचून देणाऱ्या जिनांना यंत्र बदलण्याचे फारसे कारण नव्हते. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्राने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले, त्यात जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान मिळाले आणि लवकरच एकाधिकार योजनाही संपली. तेव्हा खान्देशातील जिनमालकांना शेजारच्या गुजरातमधील वेगवान जिनांशी थेट स्पर्धा करावी लागली.

बदल नेमका काय झाला, हे जिनच्या आत पाहिले की कळते. जुन्या पद्धतीत ओट्यावर पडलेला कापूस बाया टोपल्यांनी वाहत, प्रत्येक जिनसमोर उभ्या राहून मूठमूठ आत सोडत, आणि सुटलेली रुई दुसऱ्या टोपल्यांनी प्रेसपर्यंत जाई, तिथे हमाल ती पेटीत तुडवत. आता हवेच्या झोताने कापूस नळीतून ओढला जातो, सरकत्या पट्ट्यावरून आणि आपोआप भरणाऱ्या यंत्रातून तो दुहेरी लाटांच्या जिनमध्ये पडतो, रुई पट्ट्यावरूनच प्रेसकडे जाते आणि १७० किलोंची गाठ यंत्रच दाबते. नव्या मोठ्या जिनमधून ताशी सुमारे शंभर किलो रुई निघू शकते, जुन्याच्या किमान दुप्पट. चामड्याच्या चकत्यांनी बनवलेल्या लाटा आणि पाती यांची जुळणी करणारा फिटर या व्यवस्थेत अधिक मोलाचा ठरला, कारण त्याच्या हातातल्या त्या बारीक जुळणीवर रुईचा दर्जा अवलंबून असतो. टोपली वाहणाऱ्या आणि मूठ सोडणाऱ्या बायांची गरज मात्र झपाट्याने घटली.

येथे अर्थशास्त्रातील दोन संज्ञा उपयोगी पडतात. ज्या श्रमाची जागा यंत्र थेट घेते तो पर्यायी श्रम, आणि यंत्र चालवण्यासाठी जो लागतो तो पूरक श्रम. यंत्र आल्यावर पूरक श्रमाची मजुरी वाढण्याकडे कल असतो, पर्यायी श्रमाची घटण्याकडे. जिनमध्ये फिटर पूरक ठरला आणि टोपलीवाली पर्यायी. जळगावच्या डाळ उद्योगातही हेच घडले. तूर-हरभऱ्याच्या डाळीतील काळे, तुटके आणि रंग बदललेले दाणे पूर्वी रांगेत बसलेल्या स्त्रिया हाताने निवडत. आता कॅमेऱ्याने रंग ओळखून हवेच्या फुंकरीने दाणा बाजूला उडवणारे सॉर्टेक्स यंत्र ते काम करते. त्यामुळे डाळीचा दर्जा निर्यातीच्या पातळीवर स्थिर ठेवता आला, परंतु निवडणीच्या बैठकीत मिळणारे, ऊन-पावसापासून आडोशाचे काम गेले.

वेचणीचा भाव

यंत्र नसलेल्या पायरीवर याच्या उलट घडले. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाच्या बियाण्याला व्यापारी लागवडीची परवानगी मिळाली. त्या वर्षी देशातील रुईचे सरासरी उत्पादन हेक्टरी सुमारे ३०० किलो होते, ते २००७-०८ मध्ये ५५० किलोंच्या पुढे गेले. ही सारी वाढ एकट्या बियाण्याची नव्हे. चांगला पाऊस, ओलिताखालचे क्षेत्र आणि खतांचा वापर यांचाही तीत वाटा होता. पण कपाशीला बोंडे अधिक लागली की वेचणीचे हातही अधिक लागतात. अमेरिकेत १९४० च्या दशकापासून वेचणी यंत्राने होऊ लागली आणि दक्षिणेकडील लाखो कृष्णवर्णीय मजूर उत्तरेच्या शहरांकडे वळले. खान्देशातील तुकड्या-तुकड्यांची शेते, उंच आणि फांद्या पसरलेली झाडे, तीन-चार टप्प्यांत फुटणारी बोंडे यांमुळे ते यंत्र येथे अजून रुळलेले नाही.

म्हणून वेचणीचे दर वाढले. आज हा दर किलोमागे दहा रुपयांच्या आगेमागे असतो, म्हणजे क्विंटलला हजार रुपये. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या रकमेतील सातवा-आठवा हिस्सा एकट्या वेचणीवर जातो आणि शेतकऱ्यांची वेचणी महागल्याची तक्रार या हिशेबात खरी ठरते. वेचणाऱ्या बाईच्या बाजूने मात्र हिशेब वेगळा आहे. तिला रोजावर नव्हे, किलोवर मजुरी मिळते. पहिल्या वेचणीत झाड पांढरेशुभ्र फुललेले असते तेव्हा दिवसाची कमाई चांगली पडते, तिसऱ्या-चौथ्या वेचणीत तेवढेच चालून, तेवढेच वाकून निम्मा कापूसही हाती लागत नाही. तिची उत्पादकता तिच्या कसबावर जितकी अवलंबून असते, त्याहून अधिक झाडावरच्या बोंडांवर असते, आणि २०१७ प्रमाणे गुलाबी बोंडअळीने फड पोखरला की शेतकऱ्याबरोबर तिचीही मजुरी पोखरली जाते. गावातील इतर काम वाढले तर वेचणीचा दर चढतो, हे खरे. पण चढलेला दर तीन-चार महिन्यांचा असतो.

केळी, ठिबक आणि लांबलेला हंगाम

तापीच्या काठच्या रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत तंत्रज्ञानाने हंगामच लांबवला. जळगावच्या भवरलाल जैन यांच्या कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचनाकडे आणि पुढे उतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेल्या, केळीच्या रोपांकडे लक्ष वळवले. कंदांपासून लावलेल्या जुन्या केळीला घड कापणीला यायला सव्वा ते दीड वर्ष लागे, तर ग्रँड नैन जातीची उतिसंवर्धित रोपे ठिबकवर साधारण वर्षाच्या आत तयार होतात. जून-जुलैत लावलेली मृगबाग आणि ऑक्टोबरच्या आसपास लावलेली कांदेबाग, त्यांत नवती (नवी लागवड) आणि पिलबाग (पिलांपासून वाढणारी बाग) असे चार स्तर एकाच शिवारात उभे राहिले की कापणी जवळजवळ बारमाही होते.

यात जुने काम गेले. रात्री वीज आली की बागेत बारे फिरवणारा माणूस, खत टोपलीने वाटणारा माणूस, यांची जागा व्हॉल्व्ह आणि पाण्यातूनच खत सोडणाऱ्या व्हेंचुरीने घेतली. परंतु निर्यातीचा माल हवा म्हटल्यावर नवे काम आले. कमळाला, म्हणजे केळफुलाला, इंजेक्शन देणे, फुलांचे शेंडे काढणे, घडाला स्कर्टिंग बॅग घालणे, फण्या वेगळ्या करून धुणे, वजन करून तेरा किलोंच्या आसपासच्या पेट्यांत भरणे, या सर्वाला शिवारात फ्रूट केअर म्हणतात आणि हे काम करणाऱ्या टोळ्यांना तेवढीच मागणी असते. जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीहून मानांकित केळीची खेप दुबईला गेली, त्यामागे ही टोळ्यांची मेहनत आहे. येथे यंत्राने पर्यायी श्रम हटवला तसा पूरक श्रमही निर्माण केला आणि तो वर्षभर पसरवला.

याचा परिणाम सालदारकीवर दिसतो. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचे साल सुरू होते. धान्य, कपडे आणि ठरलेली रक्कम यांवर माणूस वर्षभरासाठी एका मालकाशी बांधला जातो. बारमाही रोजंदारी मिळू लागलेल्या पट्ट्यात असा सालदार मिळणे अवघड झाले आणि मिळाला तर त्याची रक्कम लाखाच्या घरात बोलली जाऊ लागली. दुसरे काम हाताशी असणे, हे मजुराच्या सौदाशक्तीचे सर्वांत मोठे बळ असते. या समृद्धीची दुसरी बाजूही नोंदवायला हवी: रावेर-यावलच्या पट्ट्यात भूजल खोल जात आहे आणि बारमाही बागेचे बारमाही काम त्या पाण्यावरच टिकून आहे.

कोरडवाहू धुळे

धुळे जिल्ह्यातील साक्री, शिंदखेडा अशा भागांत चित्र निराळे आहे. तेथील आणि शेजारच्या डोंगरपट्ट्यातील आदिवासी मजूर मुकादमाकडून उचल घेऊन दक्षिण गुजरातमधील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला जात आले आहेत. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या परिसरात या खान्देशी टोळ्यांचा अभ्यास करून दाखवले, की स्थानिक मजूर उपलब्ध असतानाही बाहेरची, उचलीने बांधलेली टोळी कारखान्यांना सोयीची वाटत असे. जिथे माणूस इतका स्वस्त आणि इतका बांधलेला मिळतो, तिथे तोडणीचे यंत्र आणण्याची घाई कोणालाच नसते.

कोरड्या हंगामात काम देण्यासाठी महाराष्ट्राने १९७७ मध्ये, वि. स. पागे यांच्या विचारातून घडलेला रोजगार हमीचा कायदा केला. खर्चाचा मोठा भाग मजुरीवर व्हावा आणि यंत्रांना शक्यतो थारा नसावा, हे त्या योजनेचे सूत्र होते, कारण काम निर्माण करणे हाच तिचा हेतू होता. शिरपूर तालुक्यात मात्र २००४ पासून निवृत्त भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली आणि अमरीश पटेल यांच्या पाठबळाने उलटा मार्ग धरला गेला. पोकलेनने नाले खोल आणि रुंद करून, सिमेंटचे बंधारे घालून पावसाचे पाणी जिरवण्याची ही पद्धत पुढे शिरपूर पॅटर्न म्हणून ओळखली गेली. पोकलेनने एका दिवसात काढलेला मुरूम हाताने काढायला शेकडो माणसांचे दिवस लागले असते. ते दिवस मजुरांच्या हातून गेले. मात्र जेथे विहिरींना पाणी आले तेथे रब्बीचे दुसरे पीक उभे राहिले आणि त्यातून निंदणी, सोंगणी, वेचणीचे दिवस मिळाले. खोदाईच्या हंगामात गेलेले काम पिकाच्या हंगामात परत आले, पण ते परत आले फक्त ज्याच्या शेतात पाणी आले त्याच्या शिवारात, आणि मजुराच्या हक्काने नव्हे, शेतमालकाच्या गरजेने.

कायद्याच्या दारात थांबलेला हंगाम

दीडशे वर्षांत यंत्रे बदलली, पण हंगामी कामगाराकडे पाहण्याची कायद्याची रीत फारशी बदलली नाही. १८८१ च्या कायद्याने चार महिन्यांचे कारखाने वगळले. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कामगाराला आजारपण, बाळंतपण आणि अपघातात संरक्षण दिले, परंतु केवळ कापूस रेचणे, गाठी दाबणे अशी कामे करणारे कारखाने हंगामी ठरवून त्यांना त्यातून बाहेर ठेवले, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही विम्याच्या बाबतीत हंगामी कारखान्याचा अपवाद कायम ठेवला. जिनिंग-प्रेसिंगला राज्यात किमान वेतन लागू आहे, पण किमान वेतन कामाच्या दिवसाचे असते. काम नसलेल्या दिवसांविषयी ते गप्प असते.

या कोड्याचे एक उत्तर महाराष्ट्रानेच शोधलेले आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने अशा हमालांना संरक्षण दिले ज्यांना एक मालक नाही आणि ज्यांचे काम रोज बदलते. नोंदणी माथाडी मंडळाकडे, मजुरी त्या मंडळामार्फत, आणि प्रत्येक मालकाकडून मजुरीवर लेव्ही घेऊन तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस आणि औषधोपचार, अशी ती रचना आहे. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे रक्कम घेण्याची पद्धतही राज्याने स्वीकारली आहे. कापसाची प्रत्येक गाठ मोजली जाते, केळीची प्रत्येक पेटी वजन करून नोंदली जाते. त्या गाठीवर आणि पेटीवर अल्प लेव्ही बसवून वेचणाऱ्या आणि फ्रूट केअर करणाऱ्या मजुरांची नोंदणी करणे प्रशासनाला जड नाही. ठिबक संचाला, जिनच्या आधुनिकीकरणाला आणि उद्या येणाऱ्या वेचणी यंत्राला अनुदान देताना शासन जर मालकाच्या नावावर रक्कम जमा करू शकते, तर त्याच यंत्रामुळे ज्यांचे दिवस घटले किंवा वाढले त्यांची यादी त्या अनुदानाच्या अटीत घालणेही त्याला शक्य आहे. वेचणीचे यंत्र खान्देशात कधीतरी येणारच आहे, आणि यादी करण्याची वेळ ते येण्यापूर्वीची आहे, कारण १८८४ च्या आयोगाने दुखणे ओळखल्यानंतरही कायद्याला जिनच्या दारापर्यंत पोचायला सत्तावीस वर्षे लागली होती.